जीपचे इंजिन बदलण्याआधी
जुन्या अमेरिकन गाड्यांची देखभाल, फेरफार आणि कायदा

सावेडी : नगर जिल्ह्यातील ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी ऊस आला, त्यांतील अनेक घरांत त्यापाठोपाठ जीपही आली. पाटबंधारे खाते, पंचायत समित्या, सहकारी साखर कारखाने यांच्या दारात जीप उभी असे. तशीच ती बागाईतदाराच्या वाड्यापुढेही दिसू लागली. पुढे मुले शिकून शहरात आली, मनमाड रस्त्यालगतच्या सावेडी परिसरात बंगले झाले. जीप मात्र गावाकडच्या गोठ्याशेजारी किंवा बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आता नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. गॅरेजवाला गाडीभोवती एक फेरी मारतो आणि पहिलाच सल्ला देतो, "पेट्रोल इंजिन काढून टाका, डिझेल बसवू." नेमका हाच निर्णय घाईने घेण्यासारखा नाही.

अमेरिकेत ज्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या जपण्याचे आणि त्यांत फेरफार करण्याचे वेड मोठे आहे. १९६४ मध्ये पॉन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली. या प्रकाराची सुरुवात सर्वसाधारणपणे तेथून धरली जाते. दहाच वर्षांत तो बहर ओसरला. प्रदूषणाचे नियम कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलेसुरले संपवले. या काळात भारताची दारे परदेशी गाड्यांना जवळजवळ बंद होती. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून गाड्यांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम गुंडाळले. फोर्डनेही त्याच सुमारास. देशात उत्पादन करण्याची योजना नसलेल्या जुळणी कंपन्यांना सरकारने मुदत घालून दिली होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लायमाउथ जुळत राहिल्या. पण पुढे तेथेही फियाट हेच मुख्य उत्पादन झाले. त्यानंतरच्या अमेरिकन गाड्या वकिलातींमधून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विक्रीला येत. त्या कोणाच्या दारी जात, हे सांगायला नको. त्या काळातील चित्रपट कलावंतांची शेवरोले इम्पाला अनेकांना आठवत असेल.

सामान्य मराठी माणसाच्या हाती आलेली अमेरिकन गाडी मात्र एकच, जीप. नगरला तिचे नाते आणखी जवळचे. हे लष्कराचे शहर. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे आणि त्याच्या संग्रहालयात अमेरिकन शर्मन, शेफी आणि पॅटन रणगाडे उभे आहेत. जाता जाता सांगायचे तर, शर्मनच्या एका प्रकारात फोर्डचे तब्बल १८ लिटरचे पेट्रोल व्ही-८ इंजिन होते. मसल कारच्या चाहत्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

आपली जीप नेमकी कोणती?

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी ओळख पटवणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने 'एमबी' आणि फोर्डने तिचीच जुळी 'जीपीडब्ल्यू' अशा मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांच्या पुढील जाळीला नऊ फटी असतात; युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. फोर्डने बनवलेल्या जीपच्या अनेक बोल्टांच्या डोक्यावर 'एफ' हे अक्षर उठवलेले असते. युद्धकालीन जीपचे स्टेअरिंग डावीकडे असते. ते उजवीकडे घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, असा समज आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२० मात्र डाव्या स्टेअरिंगच्या वाहनाला विहित प्रकारचे, चालू स्थितीतील इशारादर्शक साधन असल्यास चालवण्याची मुभा देते. म्हणजे आधीपासून रीतसर नोंद असलेल्या अशा जीपचे स्टेअरिंग कापून हलवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे जास्त आढळते ती महिंद्राची जीप. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेली ही कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव बदलले. विलीजकडून सुटे भाग आणून तिने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. पुढे उत्पादनही येथेच होऊ लागले. या जीपचे बॉनेट युद्धकालीन जीपपेक्षा उंच दिसते. त्याचे कारण इंजिनात आहे. युद्धकाळातील २,१९९ घनसेंटिमीटर, ६० अश्वशक्तीच्या इंजिनाचे सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला होते. नंतरच्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, शक्ती सत्तरीच्या पुढे गेली, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावे लागले. डिझेल नंतर आले. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातील इंजिन, मग प्यूजोच्या परवान्याने बनलेले एक्सडीपी आणि पुढे महिंद्राचे स्वतःचे एमडीआय. गॅरेजमध्ये 'बदलून टाकू' म्हणतात ते बहुधा यांपैकीच एखादे असते.

एक बदल दुसऱ्याला बोलावतो

डिझेलचा मोह समजण्यासारखा आहे. जुने पेट्रोल इंजिन तहानलेले असते. परंतु गाडी ही गणिताने बांधलेली असते. नागरी जीपच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८ असते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी टॉप गिअरमध्ये इंजिनाला ५.३८ फेरे मारावे लागतात. ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेते तेव्हा गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोहोचते. त्या जागी २,५०० फेऱ्यांवरच दम टाकणारे डिझेल बसवले तर हिशेब ६४ किलोमीटरवर थांबतो. मनमाड रस्त्यावर मागून ट्रक हॉर्न देऊ लागले की मालक पुन्हा गॅरेज गाठतो आणि क्राऊन-पिनियन बदलून घेतो. मग जड इंजिनाने पुढचे पाटे बसतात, ते बदलावे लागतात. डिझेलच्या हादऱ्यांनी चासीवर वेल्डिंग केलेल्या इंजिन-पट्ट्यांपाशी तडे जातात. क्लच कमी पडतो. वेग वाढला म्हणून ब्रेक अपुरे वाटू लागतात. वर्षभरात जीपचे नाव तेवढे जुने उरते.

अमेरिकेतील मसल कारच्या मालकांचा अनुभवही वेगळा नाही. तेथे बाजाराने त्यावर स्वतःचा निकाल दिला आहे. चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक कारखान्यातून निघाले तसेच जुळत असतील, तर त्या गाडीला साधारणपणे अधिक किंमत येते. जुन्या देहात नवे यंत्र बसवलेल्या गाड्यांचाही तेथे मोठा चाहतावर्ग आहे, आणि त्यांतील उत्तम गाड्यांना भरपूर पैसेही मिळतात. पण एकदा मूळ इंजिन भंगारात गेले की ते परत आणता येत नाही.

सगळेच फेरफार वाईट, असे मात्र नाही. ब्रेकचे उदाहरण घ्या. जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने तेल जाते. कोठेही एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जाते आणि चारही ब्रेक एकदम नाहीसे होतात. अमेरिकन गाड्यांत दुहेरी मार्गाची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली. त्यात एक मार्ग गेला तरी दोन चाकांचे ब्रेक शिल्लक राहतात. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा जुन्या गाडीत करता येण्यासारखा सर्वांत शहाणपणाचा बदल म्हणावा लागेल. मूळ भाग जपून ठेवला तर तो परत बसवताही येतो. जाणकाराकडून करून घेतलेले सीटबेल्टही याच वर्गातले.

विजेच्या बाबतीत सावध राहावे लागते. युद्धकालीन विलीज सहा व्होल्टवर चालते. व्होल्टेज निम्मे म्हणजे त्याच कामाला विद्युतप्रवाह दुप्पट; म्हणून तिच्या मूळ केबल जाड असतात. कोणीतरी मध्येच दुचाकीच्या जाडीची वायर जोडतो, स्टार्टर मंद फिरतो आणि दोष सहा व्होल्टला दिला जातो. बारा व्होल्टचा बदल करायचाच असेल तर बल्ब, कॉइल, चार्जिंगची यंत्रणा आणि इंधनाचा काटा हे सारे त्यासोबत बदलावे लागते. नुसती बॅटरी बदलणे हा आगीला दिलेला निमंत्रणपत्र ठरतो.

आणि पाने. अमेरिकन गाडीचे नटबोल्ट इंचांत असतात. जुने फिटर 'सुता'च्या भाषेत बोलतात. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच. अर्धा इंच म्हणजे चार सूत, त्याला १३ चा पाना कसाबसा चालतो. पण नऊ सोळांश इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर. १४ चा पाना त्यावर चढत नाही आणि १५ चा घसरतो. नटाचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी येते, मग गॅसकटर. जीपच्या कित्येक दुरुस्त्या एवढ्याशा कारणाने बिघडलेल्या आहेत. इंची पान्यांचा एक चांगला संच, हा या छंदातील पहिला खर्च असायला हवा.

टायरचे वेगळेच. ६.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही चालते, त्यामुळे नगरच्या बाजारात ते सहज मिळते. मात्र शेतीसाठी बनवलेला टायर डांबरी रस्त्यावरच्या वेगासाठी नसतो. टायरच्या बाजूवर छापलेली वेग आणि वजनाची मर्यादा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पेट्रोल बदलले, गाडी तीच

जुन्या पेट्रोल गाड्यांपुढील आजचा मोठा प्रश्न इंधनाचा आहे. त्याचा पहिला अंक २००० मध्ये झाला, जेव्हा देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. शिसे विषारी होते, ते गेले हे योग्यच झाले. पण जुन्या इंजिनात ते व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमध्ये एक संरक्षक थर धरून ठेवत असे. तो थर गेल्यावर सतत जोरात चालणाऱ्या इंजिनात बैठक झिजते. हेड उघडले असेल तेव्हाच कठीण पोलादाच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेणे, हा त्यावरचा कायमचा उपाय. जीपला एक फायदा आहे. तिचे कॉम्प्रेशन अवघे साडेसहाच्या घरात, त्यामुळे तिला उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागत नाही. दहाहून अधिक कॉम्प्रेशन असलेल्या मसल कारना मात्र ते लागतेच.

दुसरा अंक सध्या सुरू आहे. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. नगर हा उसाचा जिल्हा, त्यामुळे येथे इथेनॉलविषयी बोलताना आवाज जरा खालीच ठेवला जातो. ऊसउत्पादकाला त्यातून पैसा मिळतो, ही वस्तुस्थिती आहे. त्याच ऊसउत्पादकाच्या शेडमधील जीपसाठी मात्र ते त्रासाचे आहे, हीदेखील. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि बुचाच्या गॅस्केटना फुगवते, ठिसूळ करते. टाकीच्या तळाशी अनेक वर्षे साचलेला चिकट थर ते सोडवते आणि तो कार्बुरेटरमध्ये जाऊन अडकतो. ते हवेतील ओल शोषते. पाणी वाढले की पाण्यासह तळाला बसते आणि टाकी आतून गंजू लागते. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये मान्य केले होते.

उपाय खर्चिक नाहीत. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात, टाकी व पंपादरम्यान पारदर्शक फिल्टर लावावा आणि पहिले काही महिने तो वरचेवर पाहावा. इथेनॉलला जळताना हवा कमी लागते, म्हणजेच त्याच कार्बुरेटरवर मिश्रण पातळ पडते. इंजिन तापते, पिकअप घेताना अडखळते. थोडा मोठा जेट बसवून ते सावरता येते. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करून ठेवणे उत्तम.

इंजिन ऑइलबाबतही हाच न्याय. 'सर्वांत महाग ते सर्वांत चांगले' हा हिशेब येथे चालत नाही. आजच्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधू नये म्हणून नव्या तेलांतील जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य कमी केले गेले आहे. जुन्या इंजिनातील कॅम आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासत चालतात आणि त्यांना त्याच द्रव्याचा आधार असतो. मसल कारच्या कडक स्प्रिंगांखाली असे कॅम लवकर खराब होतात. जीपमध्ये दाब कमी असल्याने धोका कमी, पण जुन्या इंजिनासाठी बनवलेले तेल घ्यावे हेच बरे.

अनेक वर्षे उभ्या असलेल्या जीपला बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारणे ही नेहमीची घाई. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, ते एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. पिस्टनच्या रिंग चिकटलेल्या असतील तर स्टार्टरच्या जोराने त्या तुटतात. मग लेथवर नेऊन सिलिंडर बोअर करण्यावाचून पर्याय उरत नाही. पत्र्याच्या बाबतीत नगरकर सुदैवी आहेत. पर्जन्यछायेतील या कोरड्या भागात मुंबईसारखी गाडी गंजत नाही. तरीही पायाखालचा पत्रा आणि चासीचे आडवे पट्टे हातोडीने हलके ठोकून पाहावेत. पुट्टीखाली काय दडले आहे, ते आवाजावरून कळते.

कायदा काय म्हणतो

आता मूळ प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये परिवहन कार्यालयाला कळवून व मंजुरी घेऊन वाहनात फेरबदल करता येत असत. त्या काळात रीतसर डिझेल इंजिन बसवून नोंद करून घेतलेल्यांची कागदपत्रे आजही जुळतात. २००० च्या दुरुस्तीने चित्र बदलले. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई झाली. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची सवलत तेवढी ठेवली गेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

दंडापेक्षा मोठी भीती अपघाताची आहे. पुस्तकात 'पेट्रोल' आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती वादाचा मुद्दा आयताच जातो. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी झगमगीत जीप बांधून मिळतात आणि त्यांची छायाचित्रे पाहून मन चळते. पण व्यवहार करण्याआधी चासीवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तक हे तिन्ही एकत्र ठेवून पाहावे. तिन्ही जुळत नसतील, तर ती गाडी कितीही देखणी असो, रस्त्यावर ती बेवारसच.

याच्या उलट, जीप मूळ रूपात ठेवणाऱ्यांसाठी १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने वेगळी वाट खुली केली आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, त्यानंतरच्या पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. अट मात्र स्पष्ट आहे: चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. १९७० पूर्वीची पेट्रोल जीप या अटीत सहज बसू शकते. तिच्यात डिझेल घातले की ही वाट बंद होते. शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला किंवा व्यवसायाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. शेतावर रोज जीप न्यायची असेल त्यांनी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करत राहणे सोयीचे.

२०२५ मध्ये आयातीच्या नियमातही बदल झाला. पूर्वी १९५० पूर्वीच्याच गाड्या 'व्हिंटेज' म्हणून मोकळेपणाने आणता येत; आता ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ती मुभा मिळाली आहे. म्हणजे १९६४ ते १९७४ या दशकातील मसल कार आता या सवलतीत येतात. करांमुळे त्यांची किंमत दुपटीहून अधिक होते, ही बाब वेगळी.

ज्यांना इंजिन बदलल्यावाचून गत्यंतरच नाही, त्यांनी त्याच मेकचे, त्याच इंधनाचे इंजिन शोधावे आणि ते बसवण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. विजेवर चालणारा किंवा गॅसचा संच बसवायचा असेल, तर त्या संचाला अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता असल्याचे प्रमाणपत्र मागून पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मान्य केलेल्या अशा संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची 'व्हीआरडीई', नगरमध्येच आहे. आणि काढलेले जुने इंजिन भंगारवाल्याला देऊ नये. प्लगच्या भोकांतून तेल सोडून, तोंडे बंद करून, क्रमांकाची चिठ्ठी बांधून ते फळीवर ठेवावे; जमिनीवर ठेवल्यास पहिल्याच पावसाळ्यात ओल धरते.